रंगाखालचा नंबर: जुन्या विमानाची खरी ओळख शोधायची कशी

अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनचं बी-२४ लिबरेटर हे बॉम्बर विमान लोकांनी आधी ‘ऑल अमेरिकन’ या नावाने पाहिलं. मग त्याच्या नाकावर ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ आलं आणि त्यानंतर ‘विचक्राफ्ट’. मूळची ‘विचक्राफ्ट’ इंग्लंडहून १३० मोहिमांवर गेली होती. तिच्या आठवणीसाठी हा रंग दिला गेला, आणि त्यात गैर काही नाही. पण ही तिन्ही नावं दुसऱ्या विमानांची आहेत. ज्या विमानावर ती रंगवली गेली, त्याची स्वतःची गोष्ट पार वेगळी आहे. ते १९४४ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा त्याचा अमेरिकी नंबर होता ४४-४४०५२. रॉयल एअर फोर्सकडे गेल्यावर ते केएच १९१ झालं. युद्ध संपलं, तेव्हा भारतात टाकून दिलेल्या लिबरेटर विमानांच्या रांगेत ते पडून होतं. हिंदुस्थान एअरक्राफ्टने त्या रांगेतली विमानं दुरुस्त केली आणि हे विमान एचई ७७१ या नंबरने १९६८ पर्यंत भारतीय वायुदलात राहिलं. पुढे ते एका ब्रिटिश संग्राहकाकडे गेलं आणि तिथून अमेरिकेला परतलं.

मला या छंदाकडे ओढलं ते नेमकं याच गोष्टीने. समोर उभं असलेलं विमान आणि त्याच्यावर लिहिलेलं विमान एकच असेल असं नाही. ओळख शोधायची म्हणजे कारखान्यापासून आजपर्यंतची साखळी कडी-कडी करून जोडायची, आणि प्रत्येक कडीसाठी पुरावा दाखवायचा. पुढची पद्धत मी बऱ्याच वर्षांच्या चुकांमधून बसवलेली आहे. विमान प्रवासी असो वा लष्करी, आणि कुठल्याही देशातलं असो, ती चालते.

आधी नंबरांमधला फरक समजून घ्या

नवशिका अडखळतो तो इथेच, म्हणून या टप्प्यावर घाई करू नका. एका विमानाला एकाच वेळी तीन-चार नंबर असू शकतात आणि प्रत्येकाचं काम निराळं असतं.

पहिला कारखान्याचा बांधणी क्रमांक. इंग्रजीत त्याला कन्स्ट्रक्टर्स नंबर म्हणतात, जर्मन विमानांच्या बाबतीत वेर्कनुमर. हा विमानाला जन्मतः मिळतो आणि सहसा आयुष्यभर बदलत नाही, म्हणून साखळीचा कणा हाच. तरीही डोळे झाकून त्यावर विसंबू नका. ओक्लाहोमा सिटीला बनलेल्या अनेक सी-४७ (डकोटा) वाहतूक विमानांना डग्लस कंपनीचे दोन-दोन बांधणी क्रमांक आहेत. एका यादीत पहिला आणि दुसरीत दुसरा दिसला की ही दोन विमानं असावीत असं वाटतं, प्रत्यक्षात विमान एकच असतं.

दुसरा लष्करी अनुक्रमांक. तो त्या-त्या देशाचं हवाई दल देतं. देश बदलला, दल बदललं की नंबरही बदलतो. लिबियात १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियन स्क्वॉड्रनच्या हाती लागलेलं ‘ब्लॅक सिक्स’ नावाचं मेसरश्मिट १०९ हे जर्मन लढाऊ विमान घ्या. त्याचा वेर्कनुमर १०६३९. ब्रिटिशांनी चाचण्यांसाठी ते ताब्यात घेतलं आणि आरएन २२८ हा आपला नंबर दिला. यंत्र तेच, पण कागदावर दोन वेगळी आयुष्यं. ब्रिटिश कागदांत १०६३९ शोधत बसणाऱ्याच्या हाती फारसं काही लागायचं नाही.

तिसरं नागरी नोंदणी चिन्ह. देशवार अक्षरांची पद्धत १९१९ च्या पॅरिस करारातून आली. ब्रिटनला जी, फ्रान्सला एफ, अमेरिकेला एन मिळालं. भारतीय विमानांवर आज व्हीटी दिसतं, पण विसाच्या दशकातल्या भारतीय विमानांवर जी-आय अशी सुरुवात असायची. १९२० च्या दशकातलं कागदपत्र चाळताना हे ठाऊक नसेल, तर भारतातलं विमान ब्रिटनमधलं समजून तुम्ही चुकीच्या रजिस्टरात शिराल. शिवाय अमेरिकेत एन नंबर एका विमानावरून निघाल्यावर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. त्यामुळे नुसता एन नंबर जुळून भागत नाही, तारीखही जुळायला हवी.

चौथी स्क्वॉड्रनची सांकेतिक अक्षरं. युद्धकाळातल्या ब्रिटिश विमानांच्या धडावर दोन अक्षरं स्क्वॉड्रनची आणि एक त्या विमानाचं असायचं. विमान पडलं की तेच अक्षर बदली आलेल्या विमानाला मिळे. म्हणजे ‘के’ अक्षराचं विमान एका वर्षात चार निरनिराळी यंत्रं असू शकतं. अक्षर ही जागा असते. त्या जागेवर त्या दिवशी कोणतं यंत्र होतं, हे तारखेवरून ठरवायचं.

नंबर वाचण्याच्या दोन-तीन खुब्या सांगतो, कारण त्या खूप वेळ वाचवतात. अमेरिकी लष्करी विमानाच्या नंबरात पुढे आर्थिक वर्ष असतं आणि शेपटीवर रंगवताना त्या वर्षाचा पहिला आकडा गाळत. शेपटीवर १२४४८५ दिसलं तर तो ४१-२४४८५, म्हणजे डेटनच्या संग्रहालयातली ‘मेम्फिस बेल’. पन्नाशीच्या दशकात दहा वर्षांहून जुन्या विमानांच्या नंबरापुढे शून्य आणि आडवी रेघ दिसू लागली. त्याला ‘ओ’ समजून वाचू नका. ब्रिटिश अनुक्रमांकांत आय, ओ, क्यू ही आकड्यांशी घोटाळा करणारी अक्षरं टाळलेली आहेत. फोटोत तुम्हाला ‘केओ’ वाटत असेल तर ते बहुधा ‘केडी’ आहे. आणि ब्रिटिशांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून नंबरांच्या मालिकेत मुद्दाम रिकाम्या जागा सोडल्या, जेणेकरून विमानांची खरी संख्या शत्रूला मोजता येऊ नये. यादीत एखादा नंबर सापडत नसेल, तर तो हरवलेला नसून कधी दिलाच गेला नसण्याचीही शक्यता असते.

विमानापाशी जा

शक्य असेल तर कागदांच्या आधी यंत्र पाहा. मालकाची किंवा संग्रहालयाची लेखी परवानगी घ्या आणि आपण काय करणार, काय करणार नाही हे आधीच सांगून टाका.

सोबत चांगली टॉर्च, छोटा आरसा, मोजपट्टी, पातळ कागद, मऊ पेन्सिल, वही आणि कॅमेरा घ्या. सगळ्यात जास्त कामाला येते ती टॉर्च. पत्र्यावर ती समोरून धरू नका. जवळजवळ पत्र्याला टेकवून बाजूने तिरका झोत टाका. रंगाच्या चार थरांखाली ठोकलेला आकडा, घासून काढलेला शिक्का, जुन्या खुणेची कड या तिरक्या उजेडात सावली टाकते आणि दिसू लागते. एकदा एका धडाच्या आतल्या बाजूला मी अर्धा तास एक नंबर न्याहाळत होतो. समोरून उजेड टाकला की तो ‘३’ वाटे, डावीकडून टाकला की ‘८’. शेवटी त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासली, तेव्हा कागदावर ‘८’ ची डावी बाजू अगदी फिकट पण स्पष्ट उमटली. त्या एका आकड्यासाठी मी आधीचे दोन महिने चुकीच्या विमानाच्या मागे लागलो होतो. तेव्हापासून कुठलाही आकडा मी दोन दिशांनी उजेड टाकल्याशिवाय वहीत लिहीत नाही.

डेटा प्लेट म्हणजे कारखान्याची धातूची पाटी. ती बहुधा कॉकपिटमध्ये, फायरवॉलवर (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीवर) किंवा दाराजवळ असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नोंदणी चिन्ह कोरलेली, आगीत न जळणारी आणखी एक पाटीही विमानावर लागते. या दोन पाट्यांची गल्लत करू नका. पाटीइतकंच तिच्या भोवतीचं बघा. रिव्हेट मूळचेच आहेत का, पाटीच्या कडेखालून वेगळा रंग डोकावतो का, जवळ रिकामी जुनी भोकं आहेत का, पाटी चकचकीत आणि पत्रा मात्र झिजलेला आहे का. पाटी छोटी असते, काढून दुसरीकडे बसवता येते. म्हणून पाटी हा एकट्याने पुरेसा पुरावा मी कधीच मानत नाही.

त्यानंतर सुट्या भागांवरचे शिक्के. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण खरा खजिना इथेच आहे. बहुतेक भागांवर ड्रॉइंग नंबर, कारखान्याची खूण आणि तपासनिसाचा शिक्का ठोकलेला असतो. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या भागांवर ३०० ने सुरू होणारा नंबर असेल तर तो भाग मूळच्या मार्क वन (म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या) रचनेतला, ३४९ असेल तर मार्क फाइव्हचा, ३६१ असेल तर मार्क नाइनचा. मात्र जुन्या रचनेतले भाग पुढच्या मार्कमध्येही तसेच वापरले जात, त्यामुळे मार्क नाइनमध्ये ३०० चे भाग सापडणं स्वाभाविक आहे. उलट मार्क वन म्हणून दाखवल्या जाणाऱ्या धडात मूळ जागी ३६१ चे भाग दिसले, तर तिथे थांबून प्रश्न विचारायला हवा. सीबीएएफ ही खूण कॅसल ब्रॉमविच कारखान्याची. एका शितावरून भाताची परीक्षा होते, एका शिक्क्यावरून विमानाची होत नाही. निदान वीस-तीस शिक्के नोंदवा आणि कोणता शिक्का विमानाच्या कुठल्या भागात होता हे रेखाटनावर दाखवा. धडात एक गोष्ट आणि पंखांत दुसरीच दिसली, तर तुमच्या समोर दोन विमानांचं जोडकाम आहे.

इंजिनाचा नंबर जरूर टिपा, पण त्यावरून विमान ओळखू नका. इंजिनं सतत बदलली जात. त्याचा उपयोग दुसऱ्या दिशेने होतो. बेपत्ता झालेल्या अमेरिकी विमानांच्या अहवालांत इंजिनांचे आणि मशीनगनांचे नंबर नोंदवलेले असतात. अपघातस्थळी मिळालेल्या इंजिनाचा नंबर त्या अहवालाशी जुळला, तर ते विमान जवळजवळ निश्चित होतं.

काही गोष्टी करू नका. रंग खरवडू नका. थरांचा अभ्यास करायचा असेल तर तो संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडून, मालकाच्या संमतीने आणि एखाद्या लपलेल्या कोपऱ्यात व्हायला हवा. अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलमध्ये रेडियम असू शकतं, ते उघडू नका. इजेक्शन सीट (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) असलेल्या विमानाच्या कॉकपिटमध्ये, ती सीट निकामी केल्याचं जबाबदार माणसाने सांगितल्याशिवाय पाऊल टाकू नका.

साखळी मागून पुढे नाही, पुढून मागे

आता कागद. बहुतेक लोक कारखान्यापासून सुरुवात करून आजपर्यंत यायला बघतात. माझा आग्रह उलटा आहे. आज हे विमान कुणाकडे, कोणत्या नोंदणीने आहे, हे पक्कं ठाऊक असतं. तिथून एकेक कडी मागे जा. कारखान्यापासून सुरुवात केली की आपल्याला हव्या असलेल्या प्रसिद्ध विमानापर्यंत पोहोचायचा मोह होतो, आणि मग सुतावरून स्वर्ग गाठला जातो.

वहीत किंवा संगणकावर एक तक्ता करा. रकाने पाच: तारीख, घटना, त्या वेळची ओळख, पुरावा कुठला, आणि त्यावर तुमचा भरवसा किती. भरवशासाठी मी तीनच पायऱ्या ठेवतो. त्या काळातला अधिकृत मूळ कागद किंवा धातूवरचा ठसा ही पहिली. त्या कागदावरून कुणीतरी नंतर केलेली यादी किंवा पुस्तक ही दुसरी. आठवण, माहितीफलक, इंटरनेटवरचा मजकूर ही तिसरी. दोन विमानांना जोडणारी कडी, म्हणजे जिथे नंबर बदलतो ती जागा, निदान एका पहिल्या पायरीच्या पुराव्यावर उभी असली पाहिजे. केएच १९१ चं एचई ७७१ झालं, असं दहा पुस्तकांत सापडेल. पण त्या दहाही पुस्तकांनी एकाच जुन्या यादीवरून घेतलं असेल तर ते दहा साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार दहा वेळा बोलतो आहे.

कोणता कागद कुठे

नागरी विमानांसाठी नोंदणी खात्याची फाइल सगळ्यात उपयोगी. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या जी-इन्फो या संकेतस्थळावर १९१९ पासूनच्या जुन्या नोंदींचे स्कॅन बघायला मिळतात. त्यांत मालकांची नावं, तारखा आणि बांधणी क्रमांक असतात. अमेरिकेत एफएए या नागरी विमान वाहतूक खात्याकडे एन नंबर देऊन विमानाची संपूर्ण फाइल मागवता येते. त्यात विक्रीखतं असतात आणि मोठ्या दुरुस्त्यांचे फॉर्म ३३७ सुद्धा. हे फॉर्म बारकाईने वाचा. ‘पंख बदलला’, ‘धडाचा मागचा भाग दुसऱ्या विमानातून बसवला’ अशा एखाद्या ओळीत अख्खं कोडं सुटतं.

ब्रिटिश लष्करी विमानांसाठी तीन प्रकारचे कागद ओळखून ठेवा. फॉर्म ७८ हे विमानाच्या हालचालींचं कार्ड: कारखान्यातून कधी मिळालं, कोणत्या युनिटला गेलं, कधी यादीतून काढलं. फॉर्म ११८० हे अपघाताचं कार्ड. फॉर्म ५४० म्हणजे स्क्वॉड्रनची दैनंदिन नोंदवही. तिच्यासोबतच्या फॉर्म ५४१ मध्ये कोणत्या दिवशी कोणत्या विमानातून कोण उडालं ते लिहिलेलं असतं. स्क्वॉड्रनच्या नोंदवह्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एआयआर २७ या मालिकेत आहेत.

फॉर्म ५४१ सोन्यासारखा असला तरी त्यातले नंबर ताक फुंकून प्यावं तसे घ्या. दिवसभर उड्डाणं झाल्यावर थकलेल्या कारकुनाने रात्री टंकलेले ते आकडे असतात. दोन आकडे उलटे होतात, अक्षर चुकतं, आठवडाभरापूर्वी पडलेलं विमान पुन्हा उडताना दिसतं. अशी नोंद आली की आधी हालचालींचं कार्ड बघायचं, मग त्या नंबराच्या शेजारचे नंबर त्या स्क्वॉड्रनमध्ये होते का ते.

अमेरिकी लष्करी विमानांची वैयक्तिक नोंदकार्डं अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या वायुदल इतिहास संशोधन केंद्राकडे मायक्रोफिल्मवर आहेत आणि बेपत्ता विमानांचे अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. कार्डावरचा मजकूर बहुतांशी संक्षिप्त खुणांचा असतो, म्हणून खुणांची यादी आधी मिळवा. ऑस्ट्रेलियन विमानांची ई/ई-८८ कार्डं वाचायला त्यामानाने सोपी. तिथल्या नंबरात पुढचा भाग विमानाचा प्रकार सांगतो: ए-५८ म्हणजे स्पिटफायर, ए-६५ म्हणजे डकोटा.

तारखांविषयी एक गोष्ट मनात पक्की करा. कार्डावरची तारीख घटनेची असेलच असं नाही, ती कारकुनाने नोंद केल्याची असू शकते. विमान जूनमध्ये कोसळतं आणि यादीतून ऑगस्टमध्ये निघतं. नागरी विमान भंगारात गेल्यावर कित्येक वर्षांनी कुणीतरी रजिस्टर साफ करतं आणि नोंदणी रद्द झाल्याची तारीख पडते. म्हणून तक्त्यात ‘पडलं’ आणि ‘यादीतून काढलं’ या दोन वेगळ्या ओळी ठेवा.

आणखी एक फसवी जागा. जमिनीवर शिकवण्यासाठी दिलेल्या ब्रिटिश विमानांना नवा नंबर मिळे आणि त्याच्या शेवटी ‘एम’ हे अक्षर असे. पुढे संग्रहालयं बरीचशी अशाच विमानांतून उभी राहिली. शाळेत असताना त्यांच्यावर दुसऱ्याच विमानाचे भाग चढवले जात. शेवटी ‘एम’ असलेला नंबर दिसला की त्या टप्प्यातले कागद वेगळे शोधायचे.

फोटो

फोटोचा उपयोग नंबर वाचण्यापुरता नाही. प्रत्येक विमानाला स्वतःचे व्रण असतात: पत्र्याचं ठिगळ, अँटेनाची वेगळी जागा, रंगवताना एका अक्षराला आलेला कल, बदललेलं दार. दोन फोटोंत नंबर दिसत नसेल, पण तेच ठिगळ त्याच रिव्हेटच्या ओळीत असेल, तर तो चांगला पुरावा आहे. मी दोन्ही फोटो एकाच मापात आणून खिडक्या, रिव्हेटच्या रांगा आणि पत्र्यांचे सांधे मोजतो.

फोटोच्या मागची बाजू मागायला विसरू नका. मागे पेन्सिलीने लिहिलेलं ठिकाण आणि तारीख, छायाचित्र विभागाचा शिक्का यांमुळे फोटोचा दर्जाच बदलतो. पण मागचा मजकूर त्याच वेळी लिहिला की पन्नास वर्षांनी अल्बम लावताना, हेही विचारा. आणि उलटा छापलेला फोटो ओळखा. बटणं, दाराची बाजू, अक्षरांचं वळण यांवरून तो लगेच कळतो.

माणसांच्या आठवणी

वैमानिकाचं लॉगबुक हे त्या काळातलंच कागदपत्र, म्हणून मोलाचं. मात्र अनेकांनी त्यात विमानाचा पूर्ण नंबर न लिहिता नुसतं अक्षर लिहिलं, किंवा नंबरातले शेवटचे आकडे. तशी नोंद स्क्वॉड्रनच्या नोंदवहीशी तारीखवार लावून बघावी लागते.

जुन्या माणसांशी बोलताना नंबर विचारू नका. सत्तर वर्षांनी नंबर कुणालाही आठवत नाही, आणि आपण सुचवला की तोच आठवतो. विमानाचं दार कुठल्या बाजूला होतं, इंजिन सुरू करताना काय त्रास व्हायचा, कोणता भाग बदलला, असं विचारा. यातून कधी कधी असा तपशील मिळतो की तो धातूवर जाऊन पडताळता येतो.

नावाजलेल्या कथांनाही हीच चाळणी लावा. माल्टाच्या संरक्षणात ‘फेथ’, ‘होप’ आणि ‘चॅरिटी’ ही तीनच ग्लॅडिएटर लढाऊ विमानं लढली, अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. कागद सांगतात की बेटावर तीनाहून अधिक ग्लॅडिएटर होती, आणि ही नावं नंतर चिकटली. तरी व्हॅलेटाच्या युद्धसंग्रहालयात असलेलं एन ५५२० चं धड त्यामुळे कमी मोलाचं ठरत नाही. उलट, त्या धडावर कोणते वैमानिक खरोखर उडाले हे कथा बाजूला ठेवल्यावरच शोधता येतं.

जिथे साखळी तुटते

जुन्या लाकडी आणि नळ्यांच्या सांगाड्याच्या विमानांत, विशेषतः टायगर मॉथसारख्या प्रशिक्षण विमानांत, जोडकाम हाच नियम आहे. तीन विमानांतून एक उभं राहतं. अशा वेळी ‘खरं कोणतं’ हा प्रश्न घेऊन न बसता, कोणता भाग कुठून आला हे लिहा आणि ओळख कोणत्या भागावर आधारली आहे ते उघड सांगा. माझ्या मते धडाच्या मूळ सांगाड्याला पहिला मान द्यावा. पंख, शेपूट आणि इंजिन ही बदलण्यासाठीच बनवलेली होती.

दोन मालक एकाच नंबरावर हक्क सांगतात अशीही वेळ येते. एकाकडे पाटी असते, दुसऱ्याकडे धड. निवाडा करणं हे संशोधकाचं काम नाही. कुणाकडे नेमका कोणता भाग आहे आणि तो तिथवर कसा पोहोचला, हे दोघांच्या कागदांसह मांडा. मी एकदा एका संग्राहकाला कळवलं की त्याच्या विमानाची पाटी आणि सांगाडा जुळत नाहीत. त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. वाईट वाटलं. पण नंतर त्याच विमानाच्या दुरुस्तीत सापडलेले शिक्के त्यानेच मला पाठवले, आणि त्या धडाचा खरा, याहून जुना इतिहास हाती आला.

कधी निसर्गच पुरावा जपून ठेवतो. स्पिटफायर पी ९३७४ हे २४ मे १९४० रोजी पीटर कॅझेनोव्ह यांनी फ्रान्समधल्या कॅले इथल्या किनाऱ्यावर उतरवलं आणि ते वाळूत गडप झालं. १९८० मध्ये वाळू सरकली आणि ते वर आलं. मधल्या चाळीस वर्षांत त्यावर कुणी रंग चढवला नाही, दुसऱ्या विमानाचा भाग बसवला नाही. पुनर्बांधणीनंतर ते २०११ मध्ये पुन्हा उडालं.

मात्र अवशेषांच्या जागी स्वतः फावडं घेऊन जाऊ नका. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमानांच्या अवशेषांना संरक्षण आहे आणि परवान्याशिवाय तिथे उत्खनन करता येत नाही. अमेरिकेच्या बुडालेल्या लष्करी विमानांसाठी २००४ चा कायदा आहे. अशा ठिकाणी माणसंही असू शकतात. मानवी अवशेषांची जराशीही शंका आली, तर काम तिथेच थांबवून अधिकाऱ्यांना कळवायचं आणि बातमी फोडायची नाही. कुणाचं तरी कुटुंब अजून वाट बघत असतं.

लिहून काढताना

शेवटी जे लिहाल त्यात रंग आणि ओळख वेगळ्या ठेवा. भारतीय वायुदलाच्या ‘परशुराम’ डकोटावर व्हीपी ९०५ हा नंबर आहे. तो २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डकोटाच्या सन्मानार्थ. २०१८ मध्ये ब्रिटनहून आलेलं हे विमान तिथे जी-एएमएसव्ही या नोंदणीने होतं. म्हणून नोंद अशी करायची: ‘जी-एएमएसव्ही, व्हीपी ९०५ च्या रंगात’. स्वल्पविरामाच्या आधी यंत्र, नंतर सन्मान. दोन्ही विमानांना त्यांचं त्यांचं मिळतं.

वाक्यावाक्यातून भरवसा दिसू द्या. ‘आहे’, ‘बहुधा आहे’ आणि ‘असं म्हणतात’ हे तीन शब्दप्रयोग ठरवून वापरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. जी कडी सापडली नाही तिथे तारखांसह रिकामी जागा सोडा: ‘मार्च १९४६ ते नोव्हेंबर १९४८, नोंद मिळाली नाही’. शोधूनही कुठे काही मिळालं नाही तेही लिहा, नाहीतर पुढचा माणूस त्याच पेट्या पुन्हा उघडेल. एखाद्या पुस्तकात चूक आढळली तर ती चूक कशी झाली असावी तेही सांगा. बहुतेक वेळा ती एका आकड्याची उलटापालट असते.

काम झालं की एक छापील प्रत विमानाच्या मालकाला द्या आणि ती लॉगबुकांच्या पेटीत ठेवायची विनंती करा. विमान विकलं गेलं, की लॉगबुकांबरोबर ती पेटी नव्या मालकाकडे जाते. तुमच्या तक्त्याची फाइल मात्र तुमच्या संगणकावरच राहिलेली असते.